व्हॅलेन्सियाचा फायास उत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की ओळखीपाळखीच्या लोकांचे मेसेज सुरू होतात. "मार्चमध्ये स्पेनला येतोय, तुमच्याकडे ते मोठमोठे पुतळे जाळतात ना, ते कधी असतं?" मी व्हॅलेन्सियात राहते. या प्रश्नांची उत्तरं इतक्यांदा टाइप केली आहेत की आता सगळी एका जागी लिहून ठेवते. जे मनापासून वाटतं तेही लिहिलंय, कारण हा उत्सव नुसता वेळापत्रकाने कळत नाही.

फायास म्हणजे नेमकं काय?

व्हॅलेन्सिया हे स्पेनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर, वस्ती साधारण ८ लाख. मार्चच्या मध्यावर इथल्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात, चौकाच्या मधोमध, एक रंगीत देखावा उभा राहतो. काही देखावे एका मजल्याएवढे, तर काही चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीला टेकतील एवढे. त्याला 'फाया' म्हणतात, अनेकवचन 'फायास'. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे मशाल. देखाव्यातल्या प्रत्येक बाहुल्याला 'निनोत' म्हणतात. १९ मार्चला, सेंट जोसेफच्या दिवशी, रात्री हे सगळे देखावे पेटवून देतात.

शहरात अशी जवळपास ४०० मंडळं आहेत. प्रत्येक मंडळ एक मोठी फाया उभारतं आणि शेजारीच मुलांसाठी एक लहान. म्हणजे एका रात्रीत सातशेच्या वर होळ्या. २०१६ साली युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच बैठकीत आपला योगही त्या यादीत गेला.

याची सुरुवात कशी झाली?

सगळ्यात लाडकी गोष्ट सुतारांची. हिवाळ्यात दिवस लवकर मावळायचा, म्हणून सुतार लाकडी खांबावर दिवे टांगून काम करायचे. वसंत आला, दिवस मोठा झाला, की तो खांब आणि कारखान्यातला भुसा-ढलप्या बाहेर काढून आपल्या संताच्या, म्हणजे जोसेफच्या, आदल्या रात्री पेटवायचे. मग कुणीतरी त्या खांबाला जुना सदरा चढवला, कुणी टोपी घातली, आणि तो गल्लीतल्या एखाद्या खाष्ट माणसासारखा दिसू लागला. इतिहासाचे अभ्यासक ही गोष्ट जशीच्या तशी मान्य करत नाहीत. पण टवाळी हा फायाचा आत्मा आहे, हे मात्र खरं. आजही देखाव्यात पुढारी, बँकवाले, फुटबॉल क्लबचे मालक, पर्यटक, कुणीही सुटत नाही. शेजारी पाट्या असतात, व्हॅलेन्सियन भाषेत, बऱ्याचदा यमकं जुळवलेल्या. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत याच टवाळीवर सेन्सॉरची कात्री चालायची.

कोणत्या तारखांना यावं?

तारखा दर वर्षी त्याच, तिथीवर नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सेरानोस वेशीवरून 'क्रिदा' होते, म्हणजे उत्सवाची दवंडी. महापौर शहराच्या किल्ल्या उत्सवाच्या मानकरी मुलीकडे, फायेरा मायोरकडे, देतात आणि ती साऱ्यांना आवतण देते. १ ते १९ मार्च रोज दुपारी २ वाजता मास्क्लेता, म्हणजे आवाजी फटाक्यांचा कार्यक्रम. १५ तारखेच्या रात्री 'प्लान्ता', म्हणजे देखावे उभे करण्याची धावपळ. १६च्या सकाळी परीक्षक फिरायला लागतात, तेव्हा सगळं तयार असावं लागतं. १७ आणि १८ला ओफ्रेना, म्हणजे मेरीमातेला फुलं वाहणं. १८च्या रात्री 'नीत देल फोक', अग्नीची रात्र, वर्षातली सगळ्यात मोठी आतषबाजी. १९ला संध्याकाळी अग्नीची मिरवणूक आणि रात्री क्रेमा, म्हणजे दहन.

पाच दिवस असतील तर १५ ते २०. तीनच असतील तर १७ ते २०. एकच दिवस असेल तर १९, पण मग आधीचं सगळं हुकल्याची हळहळ वाटेल.

मला विचाराल तर १५ची रात्र चुकवू नका. पर्यटक नसतात. क्रेन लागलेल्या असतात, कारागीर हातात रंगाचा डबा घेऊन एखाद्या निनोतच्या कानामागचा जोड लपवत असतो, मंडळाची पोरं त्याला गरम कॉफी आणून देत असतात. आपल्याकडे चतुर्थीच्या आदल्या रात्री मांडवात जे चालतं, तेच.

२०२६ साली गुढीपाडवा आणि क्रेमा एकाच दिवशी, १९ मार्चला आले. मी सकाळी बाल्कनीत गुढी उभारली आणि रात्री तिच्याच खाली फाया पेटताना पाहिली.

दिवसाढवळ्या फटाके कशासाठी? दिसत तर काहीच नाही!

मास्क्लेता बघायची गोष्टच नाही. 'मास्क्ले' हा इथला दणदणीत आवाजाचा फटाका. अशा फटाक्यांच्या माळा नगरपालिकेच्या चौकात, जाळीच्या आत, दोऱ्यांना टांगलेल्या असतात. बरोबर दोनला बाल्कनीतून फायेरा मायोर एक ठरलेलं वाक्य म्हणते, "सेन्योर पिरोतेक्निक, पोत कोमेन्सार ला मास्क्लेता": आतषबाजीकार महाराज, सुरू करा. मग पाच-सहा मिनिटं ताल चढत जातो. आधी तुटक, मग दुगुन, मग चौगुन, आणि शेवटी 'तेर्रात्रेमोल', म्हणजे भूकंप. आवाज १२० डेसिबलच्या पुढे जातो.

ढोलताशा पथकात ज्यांनी वाजवलंय त्यांना हे एका फटक्यात कळतं. टोल पोटात बसतो, दाढा वाजतात, पायाखालचा दगड हलतो. पहिल्यांदा मी उभी होते तेव्हा शेजारी सत्तरीतले एक आजोबा डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ठेका धरून ऐकत होते. संपल्यावर धुरात उभं राहून त्यांनी बायकोला सांगितलं की मधला भाग जरा लांबला, शेवट मात्र छान बांधला. मैफलीतून उठताना बोलावं तसं. इथे आतषबाजी करणारी घराणी आहेत, आज कोणाची पाळी आहे हे लोकांना माहीत असतं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यावर वाद होतात.

चौकात जायचं असेल तर बारा-साडेबारापर्यंत पोचा. नंतर आत शिरणं अशक्य. जवळच्या मेट्रो स्टेशनांवर चेंगराचेंगरी होते, काही वेळा ती बंदही ठेवतात. आधीच्या एखाद्या स्टेशनावर उतरून चालत या.

लहान मुलं, आजी-आजोबा, गरोदर बाई बरोबर असेल तर?

मास्क्लेताच्या चौकापासून त्यांना लांब ठेवा. तीन-चार गल्ल्या सोडून उभं राहिलं तरी आवाज पुरेसा येतो आणि पळायला वाट राहते. मुलांसाठी कानावर घालायचे हेडफोनसारखे संरक्षक मिळतात, ते घेऊनच या. इथले लोक मोठ्यांना सांगतात की तोंड किंचित उघडं ठेवा, कानावर दाब कमी येतो.

फक्त मास्क्लेताचाच प्रश्न नाही. या दिवसांत गल्लोगल्ली पोरं पायाशी फटाके फेकत असतात, सकाळी आठला मंडळवाले बँड आणि फटाके वाजवत मोहल्ला उठवतात आणि रात्री नाचगाणं पहाटेपर्यंत चालतं. ज्यांना आवाजाचा त्रास होतो, हृदयविकार आहे, किंवा कुत्रं-मांजर बरोबर आहे, त्यांनी मार्चचा मध्य टाळावा हे मी स्पष्टच सांगते. उत्सव कितीही आवडता असला तरी ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी हे पाच दिवस हाल आहेत.

हे आपल्या गणेशोत्सवासारखं आहे का?

मराठी माणूस इथे येतो आणि दुसऱ्याच दिवशी हेच म्हणतो. आणि त्यात तथ्य आहे. मंडळाचं कार्यालय असतं, त्याला 'कासाल' म्हणतात. सभासद वर्षभर वर्गणी भरतात, लॉटरीची तिकिटं विकतात, जेवणावळी घालतात. अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, भांडणं असतात. गल्ली अडवून मांडव घालतात आणि गाडी काढता येत नाही म्हणून शेजारी कुरकुरतात. देखाव्यांना बक्षिसं असतात, सर्वांत मोठ्या गटाला 'सेक्सिओ एस्पेसियाल' म्हणतात, आणि आपल्या मंडळाला डावललं असं प्रत्येकाला वाटतं. खर्चाची चढाओढही तीच: २००९ साली नोऊ कांपानार मंडळाच्या फायावर सुमारे ९ लाख युरो खर्च झाले होते.

फरक कुठे आहे? फाया देव नाही. तिच्यापुढे कोणी हात जोडत नाही, तिला हसतात. भक्तीचा भाग वेगळा, तो ओफ्रेनात येतो. म्हणून क्रेमाला विसर्जन म्हणू नका. विसर्जनात आपण कोणाला तरी निरोप देतो, पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. इथे तीच फाया परत येणार नसते. पुढच्या वर्षी कारागीरही दुसरा असू शकतो.

एवढं सुंदर काम जाळून टाकतात? वाईट नाही वाटत?

वाटतं. रडतात लोक. मी आमच्या मोहल्ल्याची क्रेमा सांगते.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना पाच मजली घरं. बंब तासभर आधीच आला होता. अग्निशमनवाले समोरच्या घरांच्या लाकडी झडपांवर आणि भिंतींवर पाणी मारत होते, पाण्याचे ओघळ बाल्कनीतल्या कुंड्यांतून खाली येत होते. आधी मुलांची लहान फाया. मंडळाची बालमानकरी, दहा-अकरा वर्षांची, रेशमी घागऱ्यात, डोक्यावर पितळी फण्या खोचलेल्या. वात तिनेच पेटवायची असते. तिने पेटवली, फटाक्यांची माळ तडतडत देखाव्यापर्यंत गेली, आणि तिने आजीच्या कमरेला मिठी मारली. आजीने काही समजावलं नाही. नातीच्या केसातली सुटलेली फणी परत नीट खोचली आणि तिचं तोंड आगीकडे वळवून उभी राहिली.

मोठी फाया पेटली तेव्हा आधी रंग फुगले, मग चेहरे आत ओढले गेले, आणि मिनिटभरात आतला लाकडी सांगाडा लख्ख दिसू लागला. धग इतकी की सगळी गल्ली न सांगता एकेक पाऊल मागे सरकली. बँडने व्हॅलेन्सियाचं प्रांतगीत धरलं. सांगाडा कलला, कोसळला, ठिणग्या गच्चीपर्यंत गेल्या, आणि लोकांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

ती जपून का ठेवत नाही, असं मी मंडळातल्या एका बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ठेवली तर पुढच्या वर्षी काय करायचं?" वर्षभर जी माणसं एकत्र येतात ती फाया उभारायची म्हणूनच येतात. ती तशीच उभी राहिली तर जमायला कारणच उरत नाही. मला हे पटलं आहे, आणि म्हणूनच 'पैशाची राख' असं कोणी म्हणालं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

क्रेमा कुठून बघावी?

अलीकडच्या वर्षांत लहान फायास रात्री ८ वाजता, मोठ्या १० वाजता आणि नगरपालिकेच्या चौकातली सगळ्यात शेवटी, ११च्या सुमारास पेटते. पूर्वी हे मध्यरात्रीनंतर चालायचं, म्हणून जुन्या प्रवासवर्णनातल्या वेळा धरू नका, त्या वर्षीचं पत्रक बघा. बंब सगळीकडे एकाच वेळी पोचू शकत नाहीत, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच.

बहुतेक पाहुणे नगरपालिकेच्या चौकात जातात आणि लांबून डोक्यांच्या मधून धूर बघतात. तसं करू नका. दिवसा फिरताना जी लहानशी, साध्या मोहल्ल्यातली फाया आवडली असेल, तिथेच रात्री जा. मंडळवाल्यांना आधी जाऊन भेटा, 'बोन दिया' म्हणा, फायाचं कौतुक करा. हातात कागदी ग्लास देऊन तुम्हाला पुढे उभं करतील.

अंगात सुती कपडे असू द्या. नायलॉनवर ठिणगी पडली की भोक पडतं. जुनं जाकीट उत्तम.

सगळंच जळतं, की काही वाचतं?

दर वर्षी एक निनोत मोठ्या फायांतून आणि एक लहानांतून वाचतो. त्याला 'निनोत इंदुलतात' म्हणतात, म्हणजे माफी मिळालेला. उत्सवाआधी प्रत्येक मंडळ आपला एकेक निनोत प्रदर्शनात ठेवतं आणि लोक मतं देतात. पहिली माफी १९३४ साली मिळाली, आजी आणि नात अशी ती जोडी होती. ही सगळी वाचलेली मंडळी मोंतेओलिवेते चौकातल्या फायास संग्रहालयात आहेत. टवाळखोर निनोत क्वचितच वाचतात. लोक मत देतात ते म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांना, कोळिणीच्या हातांना, मुलाला झोपवणाऱ्या आईला. ज्यांना मार्च जमत नाही त्यांनी निदान हे संग्रहालय तरी बघावं.

धुराचं काय? हे थर्माकोल आहे ना?

हो, बऱ्याच मोठ्या फायांत थर्माकोल असतो. पूर्वी लाकूड, पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि मेणाचे चेहरे असायचे. थर्माकोल हलका, कापायला सोपा आणि उंच जायला सोयीचा, म्हणून तो शिरला. जळताना मात्र काळाकुट्ट धूर निघतो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली तेव्हा जे वाद झाले, तेच इथे चालू आहेत. काही कारागीर पुन्हा 'वारेता'कडे, म्हणजे पातळ लाकडी पट्ट्या वाकवून आकार घडवण्याकडे वळले आहेत. तसा देखावा जळताना आग पिवळी आणि स्वच्छ दिसते, आणि पट्ट्यांची जाळी शेवटपर्यंत आकार धरून राहते. माझं मत विचाराल तर बक्षिसं अशांनाच मिळावीत. दमा असेल तर त्या रात्री मास्क लावा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा.

ओफ्रेना आणि ते कपडे, त्याबद्दल सांगा.

दोन दिवस, दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत, एकेक मंडळ बँड लावून शहराच्या मध्यभागी चालत येतं. बायकांच्या हातात फुलांचे गुच्छ. कुठल्या मंडळाने कुठल्या रंगाची फुलं आणायची हे ठरलेलं असतं. व्हिर्हेनच्या चौकात निराधारांच्या मातेची, म्हणजे मेरीची, लाकडी सांगाड्याची उंच मूर्ती उभी असते. तरुण त्या सांगाड्यावर चढतात, खालून फेकलेले गुच्छ झेलतात आणि खोचत जातात. दुसऱ्या दिवशी रात्री मातेचा अख्खा शेला फुलांचा झालेला असतो, नक्षीसकट. लोक तिला लाडाने 'जेपेरुदेता' म्हणतात, म्हणजे पोक काढलेली, कारण मूळ मूर्ती किंचित पुढे वाकलेली आहे. विठोबाला हक्काने कानडा म्हणणाऱ्या माणसाला या हाकेतली माया समजावून सांगावी लागत नाही.

बायकांच्या अंगावरचं उत्तम रेशीम 'एस्पोलिन'. हे नाव छोट्या धोट्यावरून आलं आहे. हातमागावर दिवसाला काही सेंटीमीटरच विणून होतं. येवल्या-पैठणच्या मागावर बसलेला विणकर इथे आला तर त्याला भाषेची अडचण येणार नाही. शहर एकेकाळी रेशमावरच मोठं झालं. रेशीमबाजाराची जुनी इमारत, ला लोन्हा, १९९६पासून जागतिक वारसा आहे. मुली फोटोला हौसेने उभ्या राहतात, फक्त आधी विचारा, आणि केसांच्या अंबाड्यांना हात लावू नका. ते बांधायला पहाटे उठलेल्या असतात.

शाकाहारी माणसाचं कसं होईल?

उपाशी राहणार नाही. लाल भोपळ्याचे 'बुन्योल' रस्त्यावर कढईत तळत असतात. पीठ आंबवलेलं असतं, बाई ओल्या हाताने गोळा घेऊन अंगठ्याने भोक पाडते आणि तेलात सोडते. वरून साखर, सोबत घट्ट गरम चॉकलेट. घारग्यांची आठवण येते, पण हे हलके, फुगलेले. शिवाय 'ओर्चाता' प्या. हे नागरमोथ्याच्या कुळातल्या एका कंदाचं थंडगार 'दूध', खऱ्या दुधाचा थेंब नसलेलं. त्यात 'फार्तोन' नावाचा लांबट पाव बुडवून खातात.

पायेया मात्र जपून. अस्सल व्हॅलेन्सियन पायेयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांची पायेया मिळते, पण रस्सा कशाचा आहे ते विचारा. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो', मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करून ठेवा.

राहायचं, यायचं, खर्च?

माद्रिदहून वेगवान गाडीने दोनेक तास. विमानतळावरून मेट्रोच्या ३ आणि ५ नंबरच्या लाइन शहरात येतात. हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात आणि दर दुपटीच्याही वर जातात, म्हणून दिवाळीच्या सुमारासच खोली धरा. झोप प्यारी असेल तर रुसाफा भागात खोली घेऊ नका. तिथली रोषणाई बघायला जरूर जा. टॅक्सी आणि बस या दिवसांत भरवशाची नाही, चांगले बूट घाला.

उत्सव फुकट आहे. काही मोठ्या फायांच्या कुंपणाच्या आत जाऊन बघायला तेवढं छोटं तिकीट असतं. दिवसा हवा छान, रात्री गारठा. पाऊस मार्चमध्ये येऊ शकतो, मग रंग गळतात आणि मंडळवाल्यांचे चेहरेही. सोसाट्याचा वारा असेल तर मात्र आतषबाजी पुढे ढकलतात.

फायास कधी रद्द झाला आहे का?

यादवी युद्धात झाला होता. आणि २०२०च्या मार्चमध्ये, कोरोनामुळे, ऐन तोंडावर. नगरपालिकेच्या चौकात ध्यानस्थ स्त्रीचा प्रचंड चेहरा उभा होता, त्याला मास्क चढवला होता. रिकाम्या चौकातला तो फोटो इथल्या प्रत्येकाने जपून ठेवला आहे. पुढचा उत्सव थेट २०२१च्या सप्टेंबरमध्ये झाला.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत महापूर आला, २००हून अधिक माणसं गेली. कित्येक कासाल आणि कार्यशाळा चिखलात बुडाल्या. तरी २०२५च्या मार्चमध्ये फायास झाला. पुराबद्दल इथल्या माणसाशी बोलताना सांभाळून बोला.

मार्च नाहीच जमला तर वसंतात आणखी काय?

ईस्टरला समुद्राकाठच्या काबान्याल भागात कोळ्यांच्या वस्तीतल्या मिरवणुका निघतात. ईस्टरच्या सुट्टीत घरंच्या घरं डबे घेऊन शेतावर नाहीतर समुद्रकिनाऱ्यावर जातात, अंडं खोचलेला गोड पाव खातात आणि मुलं पतंग उडवतात. मेच्या दुसऱ्या रविवारी निराधारांच्या मातेची मूर्ती गर्दीच्या खांद्यांवरून चौक ओलांडते. ते पाहताना अंगावर काटा येतो.

आणि कुठल्याही गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दारापाशी या. आठ कालव्यांचे आठ शेतकरी काळे डगले घालून गोलाकार खुर्च्यांवर बसतात आणि पाण्याच्या वाटणीचे तंटे ऐकतात. वकील नाही, कागद नाही, निकाल तिथल्या तिथे. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तर यावंच. बऱ्याचदा तक्रारच नसते, दोन-तीन मिनिटांत सगळे उठतात, त्यामुळे पावणेबारालाच जागा धरा.